खाडी, घाट आणि किल्ला : रायगड जिल्ह्याच्या वारशाची मुलांसाठी ओळख

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या पूर्वेला सह्याद्रीचा कडा उभा आहे आणि पश्चिमेला अरबी समुद्र. या दोहोंमधली पट्टी अरुंद आहे आणि पनवेल, धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांनी ती जागोजागी चिरली आहे. भरतीचे पाणी या खाड्यांतून बरेच आत येते. एकेकाळी त्या पाण्याबरोबर गलबतेही आत येत. घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल खाडीकाठी गलबतात चढायचा आणि बाहेरून आलेला माल उलट वाटेने देशावर जायचा. जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या वास्तू या वाटेच्या कडेला आहेत. लेणी घाटाच्या पायथ्याशी, बंदरे खाडीच्या मुखाशी, शिलालेख आणि देवळे बंदरामागच्या नारळी-पोफळीच्या आगरांत, आणि किल्ले या साऱ्यावर नजर ठेवता येईल अशा जागी. ही वाट एकदा ध्यानात आली की पंधरा तालुक्यांत विखुरलेल्या जागा एकमेकींशी बोलू लागतात.

अडचण अशी की रायगड किल्ला फार मोठा आहे. उंचीने नव्हे, महत्त्वाने. आणि त्या महत्त्वाच्या सावलीत बाकीचा जिल्हा झाकला जातो. १ जानेवारी १९८१ पर्यंत जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, आणि कुलाबा म्हणजे अलिबागसमोर पाण्यात उभा असलेला किल्ला. नाव बदलल्यावर शाळकरी मुलांच्या मनातला जिल्हाही समुद्राकडून डोंगराकडे सरकला. शिवराज्याभिषेक सगळ्यांना ठाऊक असतो. कुडा कुठे आहे हे मात्र माणगावच्या मुलालाही अनेकदा सांगता येत नाही.

या वारशाचा सर्वांत जुना ठळक थर लेण्यांचा. कर्जतजवळ राजमाचीच्या पोटातली कोंडाणे, सुधागड तालुक्यात वाघजाई घाटाच्या खालची ठाणाळे, जवळची खडसांबळे, महाडच्या वेशीवर महामार्गावरून दिसणारी गांधारपाले आणि राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला मांदाडजवळची कुडा. यांतली कोंडाणे आणि ठाणाळे इसवी सनाच्या आधीपासूनची, कुडा आणि गांधारपाले मुख्यतः नंतरच्या शतकांतली. ही सगळी बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंना पावसाळ्यात राहायला जागा हवी होती, व्यापाऱ्यांना वाटेत विसावा हवा होता आणि दान देण्याइतका पैसा त्या वाटेवर फिरत होता.

कुडा येथे हे अगदी जवळून पाहता येते. तिथे २६ लेणी आहेत आणि अनेक भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत मांदाडचे सत्ताधारी महाभोज घराणे आहे, तसे वैद्य आहेत, माळी आहेत, भिक्षुणी आहेत आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. फुले विकणाऱ्या माणसाचे नाव दोन हजार वर्षांच्या आसपास टिकून राहावे, ही गोष्ट मुलांना राजाच्या नावापेक्षा अधिक चटकन भिडते. कऱ्हाडच्या लोखंडवाल्याने एवढ्या दूर येऊन लेणे का कोरवले, असे विचारले की घाट, खाडी आणि बंदर आपोआप एका ओळीत येतात.

त्या ओळीच्या समुद्राकडच्या टोकाला चौल आहे. ग्रीक-रोमन लेखकांना हे बंदर ठाऊक होते, दहाव्या शतकात अल मसूदी या अरब प्रवाशाने त्याचे वर्णन केले आणि पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथेच उतरला. आज चौलला वाड्या, तळी आणि देवळे दिसतात, बंदर दिसत नाही. खाडी गाळाने भरली आणि गलबते दुसरीकडे गेली. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे उत्खनन करून जुन्या बंदराच्या खुणा शोधल्या. न दिसणारी जागा मुलांना दाखवायची कशी, हा पेच चौलइतका दुसरीकडे कुठेच पडत नाही.

घारापुरीची गोष्ट निराळी. तिथे सगळे डोळ्यांना दिसते. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या मुख्य लेण्यातले तीन मुखांचे सदाशिवाचे शिल्प साडेपाच मीटरांच्या आसपास उंच आहे आणि १९८७ पासून हे बेट जागतिक वारसा यादीत आहे. मुंबईच्या गेटवेवरून लाँच सुटते म्हणून ते मुंबईचेच, अशी समजूत पसरली आहे. प्रत्यक्षात ते उरण तालुक्यात येते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले तो हत्ती मात्र आता खरोखरच मुंबईत, भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या आवारात आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना कोसळून फुटला आणि पुढे त्याचे तुकडे जोडून त्याला पुन्हा उभे केले गेले. लेण्यांना दरवर्षी लाखो माणसे भेट देत असताना बेटावरच्या तीन वस्त्यांना समुद्राखालच्या केबलमधून कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. वारसा पाहायला येणारे आणि वारशाच्या शेजारी राहणारे यांच्यातले हे अंतर मुलांच्या पुस्तकातही सांगण्याजोगे आहे.

अलिबागच्या दक्षिणेला आक्षी गावात एक शिळा आहे. वर चंद्र-सूर्य, खाली काही ओळींचा लेख. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला हा लेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो आणि त्या वाचनानुसार तो मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी आहे. काही अभ्यासक हा शक वेगळा वाचतात आणि लेखाला पुढच्या काळात नेतात. श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरचा ताम्रपट शके ९८२ चा. दोन्ही जागा आगरांतल्या, बंदरांच्या शेजारच्या. जमिनी, दाने आणि करार यांची नोंद लोकांच्या बोलीत करण्याची गरज जिथे व्यवहार होता तिथेच आधी पडली असावी. आक्षीची शिळा कित्येक वर्षे रस्त्याकडेला उन्हापावसात उभी होती आणि शेजारून एस.टी. जात होती.

सोळाव्या शतकापासून समुद्रावर सत्तेची ओढाताण सुरू झाली आणि तिने या किनाऱ्याला त्याचे आजचे रूप दिले. रेवदंड्याला पोर्तुगीज, मुरूडसमोर जंजिऱ्यात सिद्दी, मुंबईत इंग्रज आणि या तिघांच्या मधे शिरून स्वतःचे आरमार उभारणारे शिवाजी महाराज. जंजिरा मराठ्यांना कधीच घेता आला नाही. हे वाक्य मुलांच्या पुस्तकांतून बहुधा गुळमुळीत करून सांगितले जाते. तशी काही गरज नाही. उंच तट, त्यावरच्या कलालबांगडीसारख्या तोफा, चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव हे पाहिले की किल्ला का टिकला ते कळते. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी बांधलेले हे राज्य १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत चालले. त्यांचे मकबरे खोकरीला आहेत आणि ते रायगडच्या इतिहासाचाच भाग आहेत.

जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी जवळच्या खडकावर पद्मदुर्ग बांधला. त्याच्या तटाजवळ गेले की एक विलक्षण गोष्ट दिसते. लाटांच्या माऱ्याने दगड झिजून आत गेले आहेत आणि दोन दगडांमधला चुना जागच्या जागी बाहेर डोकावतो आहे. बांधणाऱ्यांचा चुना दगडापेक्षा कणखर निघाला. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात याच्या उलट युक्ती आहे. तिथे तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत; लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. एकाच जिल्ह्यात, एकाच शतकात, एकाच समुद्राला दिलेली ही दोन उत्तरे मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवली तर बांधकामशास्त्राचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. कुलाबा किल्ल्याची उभारणी १६८० च्या सुमारास सुरू झाली आणि संभाजी महाराजांच्या काळात ती पुरी झाली. पुढे कान्होजी आंग्रे यांनी तिथून किनाऱ्यावर हुकमत चालवली.

खांदेरीचे बेट १६७९ मध्ये महाराजांनी तटबंदीसाठी हाती घेतले तेव्हा मुंबईकर इंग्रजांचा तिळपापड झाला, कारण बेट त्यांच्या बंदराच्या तोंडाशी होते. मराठा आरमारातल्या मायनाक भंडारी यांच्या लोकांनी कमी खोल पाण्यातून चपळ होड्या नेऊन रसद चालू ठेवली आणि इंग्रजांची मोठी जहाजे अडखळत राहिली. शेजारची उंदेरी सिद्दीने बळकावली, म्हणून आज दोन बेटे दोन पक्षांचे किल्ले मिरवत समोरासमोर आहेत. इंग्रजांची कागदपत्रे या आणि पुढच्या काळाविषयी भरपूर बोलतात, आणि त्यांत कान्होजी आंग्रे चाचे ठरतात; मराठी कागदांत तेच सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आहेत. दोन्ही कागद मुलांच्या समोर ठेवावेत. कोण लिहितो आहे, हे विचारायची सवय इथूनच लागते.

रायगडावर विस्ताराने न बोलणे अशक्य आहे. जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्ये घेतलेला रायरीचा डोंगर, हिरोजी इंदुलकर यांनी त्यावर उभी केलेली राजधानी, ६ जून १६७४ चा राज्याभिषेक, ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन, १६८९ मध्ये मोगलांचा ताबा आणि मे १८१८ मध्ये पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांनी केलेला तोफांचा मारा. त्या माऱ्यानंतरच्या आगीत लाकडी वाडे जळाले. म्हणून आज जोती, भिंती, पायऱ्या आणि पाण्याची टाकी उरली आहेत, छपरे नाहीत. ही आग ठाऊक नसलेल्या मुलाला गडावर "राजवाडा कुठे आहे?" असा प्रश्न पडतो आणि तो रास्तच असतो.

रायगडाभोवती कथाही पुष्कळ आहेत. हिरकणीचा बुरूज आहे, पण हिरकणीची हकीकत समकालीन कागदांत सापडत नाही, ती लोकांच्या आठवणीतून आली आहे. दोन लांब ओळींच्या जोत्यांना बाजारपेठ म्हणतात आणि घोड्यावर बसूनच खरेदी व्हावी म्हणून दुकाने उंच बांधली असे सांगतात. काही अभ्यासक मात्र ती बाजारपेठ नसून कचेऱ्या किंवा निवासस्थाने असावीत असे मानतात. याउलट जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजींचे नाव कोरलेले आहे, ते बोटाने चाचपता येते. ज्याने राजधानी बांधली त्याने आपले नाव देवाच्या पायरीवर ठेवले. कथा टाकून द्यायची नाही, पण पायरी आणि कथा यांतला फरक दहा वर्षांच्या मुलाला नीट कळतो, असा अनुभव शिकवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा येतो. पायथ्याच्या पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. शाळेच्या सहली वेळेअभावी ती बहुधा चुकवतात.

किल्ल्यांच्या गजबजाटात काही लहान समाज नजरेआड होतात. परंपरेनुसार बेने इस्रायल ज्यूंचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, राजपुरकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आली. त्यांतले बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेले, पण मराठी घरात राहिली, आणि अलिबागला सिनेगॉग अजून उभे आहे. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीजमधून घडलेली एक स्वतंत्र बोली आजही बोलली जाते. दगडाचा वारसा जपायला कायदे आहेत. या बोलीला बोलणारी माणसे सोडून दुसरे संरक्षण नाही.

विसाव्या शतकातल्या जागांना स्मारक म्हणायला लोक अजून कचरतात. नेरळहून माथेरानला चढणारी दोन फुटी रूळमार्गाची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली; सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून ती उभी राहिली. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, आणि विजेच्या प्रवाहाने सूक्ष्म चुंबकीय मोजमापे बिघडली असती, म्हणून मुंबईतल्या कुलाब्याहून ती इथे हलवली. मोजमापात खोट येऊ नये यासाठी इमारत बांधताना लोखंड टाळले. खिळासुद्धा विचार करून ठोकावा लागतो अशी इमारत मुलांच्या कुतूहलाला किल्ल्याइतकेच खाद्य पुरवते.

आणि महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची सोय नव्हती. त्या दिवसानंतर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. तळ्याकाठी पाहण्यासारखे म्हणाल तर पाणी आणि पायऱ्या. कोरीव खांब नाहीत, तोफा नाहीत. तरीही जिल्ह्यातल्या पहिल्या तीन जागांत या तळ्याचे नाव घ्यावे लागेल. त्याच ओळीत उरण तालुक्यातल्या चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह आणि त्यावरचा गोळीबार, आणि अलिबागजवळच्या चरीचा १९३३ मध्ये सुरू झालेला शेतकऱ्यांचा प्रदीर्घ संप. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी वर्षानुवर्षे पडीक ठेवणारी ती कुळे आपल्या गावचीच होती, हे आसपासच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्याचा अभ्यास एका रीतीने झालेला नाही. पहिले पद्धतशीर काम ब्रिटिश अधिकाऱ्यांचे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरचा ग्रंथ १८८० चा, कुलाबा आणि जंजिरा यांचे गॅझेटियर १८८३ चे. मोजमाप, नोंद आणि यादी यांत ते आजही उपयोगी पडते. स्थानिक माणूस मात्र त्यात आख्यायिका सांगण्यापुरता येतो. त्याला उत्तर म्हणून कागदपत्रांचा शोध घेणारी मराठी परंपरा वाढली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि शां. वि. आवळसकर यांनी आंग्रेकालीन अष्टागर आणि रायगड यांवर केलेले काम याच शिस्तीतले. शं. गो. तुळपुळे यांनी जुने मराठी कोरीव लेख एकत्र आणून शिळांना पुन्हा वाचते केले. तिसरी वाट पायांनी चालणाऱ्यांची. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने दोन पिढ्या गडांवर नेल्या. त्यातून गिर्यारोहकांचे गट आले, त्यांनी टाकी साफ केली, नकाशे काढले. या वाटेवर शौर्याचे वजन जरा जास्तच पडते आणि गडावरचा पाणक्या, पाथरवट, सुतार मागे राहतो. चौथी वाट चळवळींच्या आणि लोकांच्या इतिहासाची. महाड, चिरनेर, चरी तिने पुढे आणले. मुलांसाठी लिहिणाऱ्याला यांतली एकच वाट धरून चालत नाही.

शाळेत तिसरीला जिल्ह्याची ओळख आणि चौथीला शिवचरित्र येते. नंतर जिल्हा अभ्यासक्रमातून जवळजवळ नाहीसा होतो, नेमका ज्या वयात मूल "कशावरून?" असे विचारू लागते त्या वयात. आणि हा जिल्हा आता थांबायला तयार नाही. न्हावाशेवा बंदर, अटल सेतू, पनवेलजवळचा विमानतळ आणि रुंद होणारा मुंबई-गोवा महामार्ग यांनी उत्तर रायगडचा चेहरा एका पिढीत बदलला आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांत रायगड आणि खांदेरी हे दोन या जिल्ह्यातले. त्यांना संरक्षण मिळेल, गर्दीही मिळेल. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला कायद्याने मनाई आहे. पण शेताच्या बांधावरचा वीरगळ, मोडका दीपस्तंभ किंवा गाळाने भरलेली पायऱ्यांची विहीर कोणत्याच यादीत नसते. ती गावातल्या कुणाला तरी ओळखता आली तरच टिकते.

हे पुस्तक दहा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी आहे. त्याची मांडणी कालक्रमाने किंवा तालुक्यांनुसार नाही. प्रत्येक भाग एका खाडीपासून सुरू होतो आणि पाण्याच्या कडेने चढत घाटापर्यंत जातो, म्हणजे राजपुरीच्या भागात जंजिरा, पद्मदुर्ग आणि कुडा एकत्र भेटतात, आणि बाणकोट-सावित्रीच्या भागात गांधारपाले, चवदार तळे आणि रायगड. प्रत्येक जागेपाशी तीन गोष्टी निराळ्या ठेवल्या आहेत : डोळ्यांना काय दिसते, लेखी किंवा कोरीव पुरावा काय सांगतो आणि लोक काय सांगतात. अभ्यासकांत मतभेद असले तर दोन्ही बाजू दिल्या आहेत, निकाल दिलेला नाही. लढायांची वर्णने आटोपशीर आहेत. पाणी कुठून आणले, दगड कुठला, चुना कसा मळला याला अधिक पाने दिली आहेत. अष्टविनायकांतली पाली आणि महड ही क्षेत्रे थोडक्यात आली आहेत, कारण त्यांच्यावर सोपी पुस्तके आधीपासून मिळतात.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, म्हणून तिथे जाण्याआधी भरती-ओहोटीचे कोष्टक कसे वाचावे ते दिले आहे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि लेण्यांकडच्या पायवाटा निसरड्या होतात, तेव्हा त्या भागांचा अभ्यास घरबसल्या नकाशावर करता येईल अशी सोय केली आहे. शेवटी तालुकावार सूची जोडली आहे, ती शिक्षकांसाठी : शाळेच्या सर्वांत जवळची जागा आधी सापडावी आणि सहलीची बस रायगडाच्या पायथ्याला जाताना वाटेत पाचाडला थांबावी.